जिव्हाबंध आणि अर्भकाचे स्तनपान

मनुष्य हा सस्तन प्राण्यांच्या वर्गात मोडतो. या वर्गातील प्रत्येक प्राण्याचे पहिले अन्न म्हणजे मातेचे दूध. गाईचे वासरू जन्मल्यानंतर थोड्याच वेळात धडपडत उभे राहते आणि आपण होऊन कास शोधते. मानवी अर्भकाला उभे राहता येत नाही, इतकेच काय, स्वतःची मानही सावरता येत नाही. परंतु एक कला ते जन्मतःच घेऊन येते, आणि ती म्हणजे चोखण्याची. मातेच्या उदरात असतानाच ते गिळू लागलेले असते, आणि पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बालकाला चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ घालता येतो. या कलेचे मुख्य साधन म्हणजे जीभ. हे साधनच जखडलेले असेल, तर काय होते?

प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्याचे परिणाम लहान नसतात. बाळ तासन् तास अंगाला लागलेले असते, तरी त्याची भूक भागत नाही. मातेची स्तनाग्रे चिरतात आणि पाजण्याची वेळ जवळ आली की तिच्या पोटात गोळा येतो. ‘हिला दूधच पुरेसे येत नाही,’ असा निर्णय घरातील वडीलधारी मंडळी देऊन टाकतात आणि घरात बाटली येते. दोष मातेच्या दुधात नसून बाळाच्या जिभेखालच्या एका लहानशा पडद्यात असू शकतो, हे अशा वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. उलट, दुसऱ्या एखाद्या घरी जिभेखाली पडदा दिसताच सारा दोष त्याच्या माथी मारला जातो आणि गरज नसताना बाळाच्या तोंडात कात्री चालविली जाते. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील, तर जिभेची रचना आणि दूध पिण्याची क्रिया नीट समजून घेणे आवश्यक आहे.

जिभेखालचा पडदा

आरशासमोर उभे राहून जिभेचे टोक टाळूला लावले असता जिभेच्या खालच्या अंगाला, अगदी मधोमध, एक पातळ उभी घडी दिसते. ती जिभेपासून तोंडाच्या तळापर्यंत जाते. ही घडी प्रत्येक माणसाला असते. ती असणे हा मुळीच विकार नव्हे. काही बालकांत मात्र ती आखूड, जाड किंवा ताठर असते, अथवा जिभेच्या अगदी टोकाजवळ जोडलेली असते. त्यामुळे जीभ वर उचलण्यास, पुढे काढण्यास किंवा बाजूला वळविण्यास अडचण पडते. या अवस्थेला जिव्हाबंध म्हणतात. वैद्यकाच्या ग्रंथांत तिला ‘अँकिलोग्लॉसिया’ असे ग्रीक शब्दांवरून घडविलेले नाव आहे.

गर्भावस्थेच्या आरंभीच्या आठवड्यांत जीभ तोंडाच्या तळाशी जोडलेली असते. पुढे तिच्या खालच्या व बाजूच्या पेशी हळूहळू मागे सरतात आणि जीभ मोकळी होते. मधली घडी हा त्या मूळच्या जोडाचा अवशेष होय. मोकळे होण्याची ही क्रिया अपुरी राहिली, तर जिव्हाबंध उरतो. तो मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतो आणि कित्येक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. गरोदरपणी मातेने अमुक खाल्ले किंवा ग्रहण पाहिले म्हणून तो होतो, या समजुतीला कोणताही आधार नाही.

ही घडी म्हणजे एखादी सुटी दोरी आहे, अशी पूर्वी कल्पना होती. न्यूझीलंडमधील शल्यचिकित्सक निकी मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शरीररचनेच्या अभ्यासातून निराळे चित्र पुढे आले. तोंडाच्या तळावर संयोजी ऊतकाचा एक पापुद्रा पसरलेला असतो. जीभ वर उचलली की तो ताणला जाऊन मधोमध घडी पडते, आणि तिच्यावर तोंडातील ओलसर अस्तराचे आच्छादन असते. जिभेला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा या पापुद्र्याच्या लगतच असतात. लालाग्रंथींच्या नलिकांची तोंडेही घडीच्या दोन्ही बाजूंस असतात. म्हणून येथे छेद घेणे ही, दिसावयास सोपी असली तरी, माहीतगाराच्या हातीच शोभणारी गोष्ट आहे.

दूध कसे ओढले जाते

बाळ स्तनाग्र चोखते असे सामान्यतः म्हटले जाते. पण ते अर्धेच खरे आहे. नीट अंगाला लागलेल्या बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र नसते, तर भोवतालच्या गडद वर्तुळाचाही बराच भाग असतो. तोंड मोठे उघडून, जीभ खालच्या हिरडीवर पसरून, बाळ हा सारा भाग आत घेते. स्तनाग्र मागे ओढले जाऊन कठीण टाळू जेथे संपते आणि मऊ टाळू सुरू होते त्या जागेच्या जवळ पोहोचते. तेथे ते हिरड्यांच्या तडाख्यातून सुटते. म्हणूनच योग्य रीतीने पाजताना मातेला वेदना होत नाहीत.

यानंतर दूध बाहेर कसे येते, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होता. १९५८ साली आर्ड्रन, केम्प आणि लिंड या संशोधकांनी दूध पिणाऱ्या बाळांची क्ष-किरणांच्या साहाय्याने चलच्चित्रे घेतली. जीभ लाटेसारखी पुढून मागे सरकते आणि गवळ्याच्या बोटांप्रमाणे दूध पिळून काढते, असा निष्कर्ष त्यांवरून निघाला. पुढे श्रवणातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने, कोणतीही इजा न करता, तोंडाच्या आतील हालचाल पाहता येऊ लागली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉना गेडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की जीभ खाली जाते त्या क्षणी तोंडातील पोकळी वाढते, तेथील दाब उतरतो आणि त्याच वेळी दुधाची धार वाहू लागते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला असता पाणी आत यावे, तसाच हा प्रकार. पिळण्यापेक्षा ओढण्याचे कार्य अधिक महत्त्वाचे, असे आता मानले जाते.

दुधाची धार चांगली वाहत असताना बाळ साधारणपणे सेकंदास एक वेळ चोखते आणि मधूनमधून गिळते. धार नसेल, तर चोखण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो व गिळण्याचा आवाज येत नाही. बाळाला दूध मिळते आहे की नाही, हे लक्षपूर्वक पाहणाऱ्या मातेला एवढ्या खुणेवरूनही पुष्कळ समजते.

बंध आड आला म्हणजे

जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येऊ शकली नाही किंवा तिचा मधला भाग वर उचलला गेला नाही, तर वरील व्यवस्था बिघडते. बाळाला पुरेसा भाग तोंडात धरता येत नाही. स्तनाग्र पुढेच राहते आणि हिरड्यांमध्ये चेंगरते. तोंडाची पकड पुनःपुन्हा सुटते. सुटताना ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येतो, दुधाबरोबर हवा गिळली जाते आणि ओठांच्या कडेने दूध ओघळते. बाळ लवकर थकते, पिता पिता झोपी जाते आणि थोड्याच वेळात भुकेने पुन्हा रडू लागते. पाजून झाल्यावर मातेचे स्तनाग्र चपटे झालेले किंवा तिरपे दबलेले दिसते. त्यावर भेगा पडतात. दूध साचून स्तन दुखू लागतात व कधी त्यांना सूज येऊन ताप भरतो.

येथे दुसरे एक चक्र सुरू होते. बाळ चोखू लागले की मातेच्या मेंदूतळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसीन हे दोन अंतःस्राव सुटतात. पहिल्यामुळे दूध तयार होते, दुसऱ्यामुळे ते नलिकांतून पुढे ढकलले जाते. शिवाय स्तन जितका रिकामा होईल तितके नवे दूध लवकर तयार होते, आणि भरलेला राहिला तर निर्मिती मंदावते. विहिरीचा उपसा थांबला की झरेही मंदावतात, असे शेतकरी म्हणतात. येथे तेच घडते. बाळाला दूध ओढता येत नाही म्हणून स्तन रिकामा होत नाही. स्तन रिकामा होत नाही म्हणून दूध कमी होते. अखेर आरंभी खोटे असलेले ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य काही आठवड्यांनी खरे ठरते. म्हणून अशा अडचणीत पहिल्या काही दिवसांचे मोल फार मोठे आहे.

परीक्षा कशी करावयाची

जिभेखाली पडदा दिसला, एवढ्यावरून निदान होत नाही. जीभ दिसते कशी यापेक्षा ती काम कसे करते, हे पाहणे महत्त्वाचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल येथील परीक्षापद्धतीत चार गोष्टी पाहतात : जिभेच्या टोकाचा आकार, पडदा खालच्या हिरडीला कोठे जोडला आहे, तोंड उघडून रडताना जीभ किती वर उचलली जाते, आणि ती किती पुढे येते. प्रत्येक गोष्टीस शून्य ते दोन गुण दिले जातात. एकूण आठ गुणांपैकी जितके कमी गुण, तितका बंध अधिक. टोकाशी जोडलेला पडदा ताणला गेल्यामुळे काही बाळांच्या जिभेचा शेंडा बदामाच्या आकारासारखा दुभंगलेला दिसतो.

मात्र ही परीक्षा अपुरी आहे. तज्ज्ञाने एक वेळचे पाजणे आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले पाहिजे. बाळाचे वजनही पाहिले पाहिजे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते. ते साधारणतः दोन आठवड्यांत भरून येते. ही घट जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ लागली, किंवा पाचव्या दिवसानंतर बाळाला चोवीस तासांत सहा वेळाही लघवी होत नसली, तर वैद्यकीय सल्ला लांबणीवर टाकू नये.

जिव्हाबंध किती बालकांत असतो, याचे उत्तर व्याख्येनुसार बदलते. परंतु तो दुर्मिळ नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे १,८६६ नवजात बालके तपासली असता २०१ बालकांत, म्हणजे शेकडा सुमारे ११ जणांत, तो आढळला. यांपैकी दूध पिण्यात अडचण मात्र ८८ बालकांनाच होती. याचा अर्थ असा, की ज्यांची जीभ बांधलेली दिसते अशांपैकी निम्म्याहून अधिक बाळे कोणत्याही उपचारावाचून सुखाने दूध पितात.

पहिला उपाय : बाळाला धरण्याची रीत

अडचण दिसताच पहिला उपाय शस्त्राचा नव्हे. पुष्कळदा बाळाला अंगाला लावण्याची रीत बदलल्याने काम भागते. मातेने ज्या बाजूस पाजावयाचे, तिच्या विरुद्ध हाताने बाळाची मान व पाठ आधारून धरावी. बाळाचे पोट मातेच्या पोटाला भिडलेले असावे. त्याचे डोके, मान व धड एका रेषेत असावे. स्तनाग्र बाळाच्या तोंडासमोर न आणता नाकासमोर आणावे आणि वरच्या ओठाला किंचित स्पर्श करावा. म्हणजे बाळ डोके थोडे मागे नेऊन मोठा ‘आ’ करते. त्याच क्षणी बाळाला छातीकडे जवळ घ्यावे. छाती बाळाकडे वाकवू नये. हनुवटी स्तनात रुतलेली असावी आणि नाक मोकळे असावे. काही बाळांना मागे रेलून बसलेल्या मातेच्या छातीवर पालथे ठेवले असता जीभ आपोआप पुढे येते, आणि पकड सुधारते.

हे साधेपर्यंत मातेने हाताने दूध काढीत राहावे. त्यामुळे उपसा चालू राहतो आणि दुधाचा झरा टिकतो. काढलेले दूध बाटलीने न देता स्वच्छ वाटी-चमच्याने अथवा चांगले उकळून घेतलेल्या बोंडल्याने द्यावे. दक्षिण भारतात याच कामासाठी ‘पालाडै’ नावाचे चोचीचे लहान भांडे वापरतात. मध, गुटी, साखरेचे पाणी किंवा गाईचे पातळ केलेले दूध यांपैकी काहीही या वयात देऊ नये. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, आणि नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांच्या आतील बालकांपैकी शेकडा ६३.७ बालके केवळ अंगावरच्या दुधावर होती. जेथे पाण्याच्या शुद्धतेची खात्री नाही, तेथे बाटलीतून दिलेले पातळ दूध अतिसाराचे कारण होते. भारत सरकारने १९९२ साली कायदा करून बाळदूध, दुधाच्या बाटल्या व बाळांचे तयार अन्न यांच्या जाहिरातीस व प्रचारास आळा घातला, आणि २००३ साली तो अधिक कडक केला, तो याच कारणासाठी. जिव्हाबंधाकडे झालेले दुर्लक्ष एखाद्या मातेला नेमके या बाटलीकडे ढकलू शकते.

छेद

पकड सुधारूनही वेदना थांबत नसतील, वजन वाढत नसेल, आणि जिभेची हालचाल खरोखरच अडलेली असेल, तर पडद्याला छेद देण्याचा विचार करतात. हा उपाय प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने जन्मतः खाली बांधलेल्या जिभेचे वर्णन केले असून, छेद घेताना जवळच्या रक्तवाहिन्या जपण्याचा इशाराही दिला आहे. पुढे युरोपात सुइणी एका बोटाचे नख वाढवून त्यानेच नवजात बाळाचा पडदा तोडीत, असे उल्लेख आढळतात. अस्वच्छ नखाने किती बाळांना जंतुदोष झाला असेल, याची आज कल्पनाच केलेली बरी.

आजची रीत साधी आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळून डोके स्थिर धरतात, जीभ वर उचलतात आणि बोथट टोकाच्या निर्जंतुक कात्रीने पातळ पडद्याला काही मिलिमीटरांचा छेद देतात. सारे काम थोड्या क्षणांत आटोपते. रक्ताचे काही थेंब येतात. बाळाला लगेच अंगाला लावले की ते थांबते. जखमेच्या जागी पुढे पांढरट चट्टा दिसतो. तो पू नव्हे. एक-दोन आठवड्यांत तो नाहीसा होतो. मात्र छेदापूर्वी बाळाला क जीवनसत्त्व नव्हे, तर रक्त गोठण्यास आवश्यक असे ‘के’ जीवनसत्त्व दिले गेले आहे याची, आणि कुटुंबात रक्तस्रावाचा विकार नाही याची खात्री करून घेतात. ज्या बाळाची टाळू दुभंगलेली असते किंवा खालचा जबडा फार लहान असतो, त्याच्या बाबतीत छेद सहसा टाळतात. कारण मोकळी झालेली जीभ मागे पडून श्वासाला अडथळा होऊ शकतो. किरणांच्या यंत्राने केलेला छेद कात्रीच्या छेदापेक्षा सरस आहे, असे सिद्ध झालेले नाही. घरी, नखाने किंवा पात्याने, हा प्रयोग कोणीही कधीही करू नये.

प्रयोगांची साक्ष

छेदाने खरोखर लाभ होतो काय? साउदॅम्प्टन येथील ज्या प्रयोगाचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात अडचण असलेल्या ५७ बालकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. २८ बालकांना लगेच छेद दिला. २९ बालकांच्या मातांना ४८ तास केवळ तज्ज्ञांचे मार्गदर्शन दिले. पहिल्या गटातील २७ बालकांची स्थिती सुधारली. दुसऱ्या गटातील केवळ एकाची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडच्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने हा उपाय सुरक्षित असल्याचे आणि त्याने स्तनपान सुधारू शकत असल्याचे मत दिले; मात्र पुरावा मर्यादित असल्याचेही नमूद केले.

हे आकडे डोळे दिपविणारे आहेत. पण शास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या बाळाला छेद दिला आहे, हे मातेला ठाऊक होते. त्यामुळे तिच्या आशेचा रंग तिच्या उत्तरांवर चढणे शक्य होते. २०१७ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा पाच प्रयोगांची, एकूण ३०२ बालकांची, एकत्रित छाननी केली. छेदानंतर मातेच्या वेदना अल्पकाळात कमी होतात, असे तीत दिसले. परंतु बाळाचे दूध पिणे प्रत्येक प्रयोगात सारखेच सुधारलेले आढळले नाही. दीर्घकालीन लाभ ठरविण्यास ही बालके संख्येने थोडी होती. कोणत्याही प्रयोगात गंभीर अपाय मात्र नोंदलेला नव्हता.

दरम्यान लंबक दुसऱ्या टोकाकडे गेला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुग्णालयांतील नोंदींवरून केलेल्या अंदाजानुसार १९९७ साली ३,९३४ बालकांत जिव्हाबंधाचे निदान झाले होते. २०१२ साली हा आकडा ३२,८३७ वर गेला. पंधरा वर्षांत बालकांच्या जिभा बदलल्या नव्हत्या. बदलली होती ती पाहणाऱ्यांची दृष्टी. २०१९ साली बॉस्टन येथून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. छेदासाठी पाठविलेल्या ११५ बालकांचे दूध पिणे तज्ज्ञांच्या गटाने आधी बारकाईने पाहिले, मातांना मार्गदर्शन केले. आणि शेकडा ६२.६ बालकांना छेदाची गरजच उरली नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ साली दिलेल्या अहवालाचा सूरही हाच आहे : प्रथम पाजण्याची परीक्षा आणि साहाय्य, मग आवश्यक तेथेच छेद.

पुढे मूल बोबडे बोलेल किंवा मुके राहील, या भीतीनेही कित्येक पालक छेदाचा आग्रह धरतात. मुकेपणाचा जिव्हाबंधाशी संबंध नाही. बहुतेक मुले बंध असूनही स्पष्ट बोलू लागतात. म्हणून केवळ बोलण्यातील संभाव्य दोष टाळण्यासाठी अर्भकाला छेद देण्यास आधार नाही. मूल वेळेवर बोलू लागले नाही, तर प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत.

सारांश, जिभेखालचा पडदा हा नेहमीच अपराधी नसतो आणि नेहमीच निर्दोषही नसतो. त्याचा निवाडा बाळाच्या तोंडाकडे नुसते पाहून होत नाही. माता आणि बालक यांना पाजतेवेळी एकत्र पाहूनच तो करावा लागतो. ज्या मातेला पाजताना वेदना होतात, तिला ‘सोसायचे असते’ असे सांगून गप्प बसविणे ही मोठी चूक आहे. वेदना ही खूण आहे. तिचे कारण शोधले पाहिजे. जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे पहिल्याच आठवड्यात गेलेल्या मातेचे स्तनपान बहुधा वाचविता येते. काहींना बाळ धरण्याची नवी रीत पुरते, काहींना क्षणभराचा छेद लागतो. दोहोंतील निवड घाईने किंवा भीतीने न करता निरीक्षणाने करावी, एवढेच शास्त्राचे सांगणे आहे.